उपाशी आणलेला पेशंट

दुष्काळाचं साल. नांदेडच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकड्यावर लोह्याकडच्या दोन शेजारणी बोलत होत्या.

“रत्नम्मा, गावात टँकर येईना, पण तुझ्या नवऱ्याला न्यायला दवाखान्याची गाडी येती. कॅन्सरची नवी दवा बी फुकट.”

“माणसाला ती किती सोसती, तेच अजून बघून राहिलेत, कस्तुराबाई.”

“मग माझ्या नवऱ्याला का घेईनात?”

“त्यांना जुनी दवा लागू पडती. ज्याला कशाचाच गुण येईना, त्यालाच ही देतात.”

“हाव, डॉक्टर बी तेच म्हणला. म्हणून आज उपाशीच आणलंय. खंगलेले दिसले तर घेतील.”

“भूक लागती त्यांना?”

“सकाळपासून भाकर मागून राहिलेत.”

“आमच्यांनी मागावी म्हणून मी रोज थापून बसते.”