दोनशे बारा किलोमीटर

ट्रकवाला : जरा थांबा काका. ही गाडी किती चालली म्हणालात?

नवरा : दोनशे बारा किलोमीटर. एकोणीस वर्षांत. त्यातले एकशे नव्वद शोरूमपासून घरापर्यंतचे.

ट्रकवाला : आणि वरचे बावीस?

नवरा : सासऱ्यांना दवाखान्यात न्यायचं होतं. नाइलाज झाला.

बायको : माझ्या वडिलांचा जीव जात होता, आणि हे विचारत होते की येताना टॅक्सीने आलो तर चालेल का.

नवरा : आलीस ना पण टॅक्सीने? मी मुक्कामाला तिथेच राहिलो, गाडी ट्रकवर घालून आणली. म्हणून बावीसवर भागलं. नाहीतर चव्वेचाळीस झाले असते.

ट्रकवाला : मग आज कुठे सोडायची?

नवरा : क्लबात. आज स्पर्धा आहे. सगळ्यांत कमी चाललेल्या गाडीला चषक. नऊ वर्षं आमच्याकडेच येतोय. आज दहाव्यांदा मिळाला की कायमचा घरी. दाताचा डॉक्टर दोनशे वीसवर टपून बसलाय, पण बसू दे.

ट्रकवाला : चालवायची नाही तर गाडी कशाला घ्यायची हो?

नवरा : चालवतं कुणीही. राखायला माणूस लागतो.

बायको : हे वाक्य क्लबात पाटीवर लिहिलंय. दर बुधवारी बसने जातात सगळे, आणि त्या पाटीखाली बसून इंजिनांवर भांडतात.

ट्रकवाला : एक सांगू का काका? राग मानू नका. टायर गेलेत हिचे.

नवरा : कोणता?

ट्रकवाला : चारही. हात फिरवून बघा, टक्कल पडलंय.

नवरा : उभ्या उभ्या झिजले असतील. रबर आहे शेवटी.

ट्रकवाला : उभ्या गाडीचे टायर खाली चपटे होतात. हे गोल झिजलेत, चालून चालून. वीस वर्षं गाड्या उचलतोय मी. हे तीस-चाळीस हजार किलोमीटरचं काम आहे.

नवरा : अहो, पण काटा बघा ना. काटा काय खोटं बोलतो?

बायको : काट्याचा काही दोष नाही. मागे एक केबल असते, ती बाटलीच्या झाकणासारखी फिरवून काढता येते. नाक्यावरच्या मेकॅनिकने शिकवलं मला.

नवरा : काय शिकवलं?

बायको : केबल काढायची, जाऊन यायचं, परत लावायची. तुम्ही क्लबात असता तेव्हा.

नवरा : जाऊन यायचं म्हणजे कुठे?

बायको : आधी बाजारात. मग ताईकडे. सासूबाईंना गुडघ्याच्या व्यायामाला कोण नेत होतं, असं वाटलं तुम्हाला?

नवरा : आईला माहीत आहे?

बायको : त्याच म्हणाल्या, त्याला सांगू नकोस, त्याचा जीव त्या आकड्यात आहे. पुढच्या सीटवर बसायच्या. काच खाली करून.

नवरा : काच खाली? धूळ येते अगं आत!

बायको : यायची. पुसत होते मी. घाटातून आले की जास्त पुसायला लागायचं.

नवरा : घाटात नेलीस?

ट्रकवाला : काकू, चहा आहे का हो? यांना बसवा जरा.

(नवरा गाडीच्या दारात खाली बसतो.)

नवरा : मी क्लबात सांगत होतो, माझ्या गाडीत सात वर्षं पेट्रोल तेवढंच आहे. लोक टिपून घेत होते.

बायको : भरून ठेवत होते ना मी. जेवढं घेतलं तेवढं.

नवरा : एकूण किती चालली असेल?

बायको : ते कसं कळणार? केबल काढलेली असायची.

ट्रकवाला : काका, जुने पण न झिजलेले टायर मिळतात. माझ्या ओळखीचा आहे एक. तासाभरात बसवून देईल. तुमचा चषक कुठे जात नाही.

बायको : घ्या बदलून. मी कुणाजवळ बोलणार नाही. इतकी वर्षं नाहीच बोलले. तुम्हाला तो कप हवाय हे मला कळतं हो. पण मला गाडी हवी होती. तुम्ही घेतलीत त्या दिवशी मला वाटलं होतं, आता आपण कुठेतरी जाणार. तीन वर्षं वाट बघितली मी.

नवरा : घाटात तिसऱ्या गिअरमध्ये ओढते का?

बायको : ओढते. शेवटच्या वळणाला दुसरा टाकावा लागतो.

नवरा : आवाज करते?

बायको : चढताना करते थोडा. वर पोचलं की छान पळते. हलकी वाटते एकदम.

नवरा : हलकी वाटते का? गाडीच्या पुस्तकात हे कुठे दिलेलं नाही.

ट्रकवाला : काय करू मग? टायरवाल्याला फोन लावू, की अशीच चढवू ट्रकवर?

नवरा : नको. तुम्ही जा. तुमचा हेलपाटा झाला त्याचं मी बघतो.

बायको : अहो, अकराला मोजणी आहे तुमची.

नवरा : माहीत आहे. मला नेतेस का गं त्या घाटात?

बायको : आत्ता? नेते की. केबल काढते, थांबा.

नवरा : राहू दे लावलेली.