आभाळात उघडणारं दार

हॅलो?… हो, मीच. बोल, चिमे… अगं, आधी पोटभर हसून घे, मग बोल. मी फोन धरून आहे.

झालं?… हो, पाहिलं. आमच्या चिरंजीवांनी घरच्या ग्रुपवर टाकलंय म्हणजे मलाही आलंच ना… 'इंटरनेटवर सापडलेल्या गमती'. सगळी चित्रं पाहिली, क्रमाने. भिंतीकडे तोंड करून बसवलेलं बाकडं… बरोबर. खिडकीबाहेरचा तो नळ… हो, हो. खोटं कशाला बोलू, बाकड्याला मीही हसलो. बसवणाऱ्याने नकाशा उलटा धरला असणार. दुसरं कारण संभवत नाही.

हो… तेच, शेवटचं. लोखंडी जिना. वर गच्चीच्या कडेला नुसती चौकट, चौकटीला दार, दाराला घंटा, आणि मागे आभाळ… वाचलं तेही. 'घंटा वाजवा, ढग दार उघडतील.'

तुझे यजमान काय म्हणाले?… पिऊन बांधलाय, असं?… नाही, राग कसला. त्यांना एवढंच सांग, बांधणारा पूर्ण शुद्धीत होता. प्रत्येक पायरी स्पिरिट लेव्हल लावून बसवलेली आहे.

कसं माहीत म्हणजे?… अगं ऐक ना. ते चित्र मोठं कर. दोन बोटांनी ताण… कठड्याच्या टोकाला गोल वळण दिसतंय? मुठीत बसेल असं… तसं वळण आता कोणी देत नाही. आता खाली ये. पहिल्या पायरीवर निळा डबा आहे, त्यात कोरफड… नीट बघ. तो डबा वहिनीला कोणी दिला होता?

…तूच ना?

हो. आपलाच. मागच्या गल्लीतून काढलाय फोटो, म्हणून तुझ्या पटकन लक्षात आलं नाही… माफी कसली मागतेस, वेडे.

नाही, मला क्रमाने सांगू दे. मध्ये बोलू नकोस. आमचा मुलगा जाताना काय म्हणाला होता? दोन वर्षांत परत येतो, वर माझ्यासाठी खोल्या काढा. बरोबर?… आता खोल्या काढायच्या तर विटा-वाळू वर जाणार कुठून? घरातून नेल्या तर धूळ, आणि तुझ्या वहिनीचा दमा. म्हणून जिना आधी. त्यानंतर चौकट, कारण चौकट ओळंब्यात उभी केली की तिच्या आधाराने भिंत सरळ येते. तंत्रनिकेतनात आम्हाला हाच क्रम शिकवला… हो गं, मान्य. घंटा भिंतीआधी कोणी बसवत नाही. ती तुझ्या वहिनीची हौस. म्हणाली, त्याने वर बोट ठेवलं की माझ्या स्वयंपाकघरात वाजलं पाहिजे.

मग काय… खोल्या केवढ्या हव्यात ते तो कळवणार होता… विचारलं ना. एकदा नाही, अनेकदा. 'बघू बाबा.'

नाही, हे मला पटत नाही. मुद्दाम तो कशाला दुखवेल? तसा नाही तो. तेच तर सांगतोय, चिमे… त्याने ओळखलाच नाही. कठडा वाकवतानाचा, चौकट उभी करतानाचा, ही पहिल्यांदा घंटा दाबते तेव्हाचा… प्रत्येक टप्प्याचा फोटो मी त्याला पाठवत होतो. दर वेळी उत्तरादाखल अंगठ्याचं चित्र यायचं. मी समजत होतो, पाहिला.

चित्राखाली त्याने लिहिलंय ते वाचलंस?… वाच, वाच. मोठ्याने वाचलंस तरी चालेल… हो. 'बाबा, असल्या माणसाला तुमच्या तंत्रनिकेतनात नापास केलं असतं ना?' मलाच विचारलंय. कित्येक महिन्यांत त्याने आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न. उत्तर काय देऊ, सांग.

…नाही. तू त्याला फोन करायचा नाहीस… अगं, कळलं तर तो लाजेल. लाजून येईल, चार दिवस राहील, पुन्हा जाईल. लाजून आलेला मुलगा मला नको आहे.

आता दुसरा मुद्दा. त्या फोटोमुळे माणसं शोधत येतात. वर चढतात, हसतात, घंटा दाबतात. आणि दर वेळी ही हातातलं काम टाकून उठते… सांगितलं. टवाळ पोरं आहेत म्हटलं. तर म्हणते, 'आणि एखाद वेळी तोच असला तर?' काल धापा टाकत वर पोचली, तर तिथले दोघं तिचाच फोटो काढायला लागले. गमतीत तेवढीच भर.

म्हणून वेल्डरला सांगितलंय. संध्याकाळी गॅस कटर घेऊन येतोय… हो, जिनाच. मुळापासून… नाही, तिला बोललेलो नाही. घंटेची तार मात्र सकाळीच कापली, टोकांना टेप लावून…

थांब हं जरा… कुठे निघालीस?… काय?… कधी?

…नाही, चिमे, तुला नाही, हिला विचारतोय. ती चप्पल घालतेय. म्हणते, वर घंटा वाजली.

…अगं, कशी वाजेल? कापलेल्या तारेचा तुकडा माझ्या खिशात आहे. हा बघ, हातात धरलाय.

…तिला नाही सांगता यायचं. पदर सारखा करतेय ती.

ऐक. तुझ्या फाटकाचं काम त्याच वेल्डरने केलं होतं ना? नंबर असेल… त्याला कळव, आज येऊ नकोस म्हणावं… कारण सांगू नकोस. नुसतं, आज नको… उद्याचं उद्या.

हो गं, आलो. कठडा धर. घाई करू नकोस, मी आलोच…

ठेवतो, चिमे. तिच्या मागे एक पायरी राहून चढावं लागतं. तोल गेला तर धरायला.