दर पाच तारखेला पंधरा हजार

ताई : बँकेनं दिलेल्या सहा लाखांपैकी पाच लाख ब्याण्णव हजार उचललेले. तू मोठ्यानं वाच. माझा माझ्या डोळ्यांवरचा विश्वास उडालाय.

धाकटा : पाच लाख ब्याण्णव. वाचलं. आता पाय उचल, तुझ्या चपलेखाली माझा खडू आहे.

ताई : मी बावीस वर्षं शाळेत गणित शिकवते. चौदा महिने, दर पाच तारखेला, पंधरा हजार भरले की ओव्हरड्राफ्ट दोन लाखांनी तरी खाली यायला हवा. आपला बारा हजारांनी वर गेलाय. हे गणित मी कुठल्या इयत्तेला शिकवू?

धाकटा : कोणी भरले पंधरा हजार?

ताई : मी.

धाकटा : तू?

ताई : संध्याकाळच्या शिकवणीचे. रोख. बँकेत रांगेत उभी राहून.

धाकटा : थांब. सुई खाली ठेवू दे, नाहीतर स्वतःलाच सोफ्याला शिवून घेईन. ते पैसे दातांचे डॉक्टर भरत होते.

ताई : कोण दातांचे डॉक्टर?

धाकटा : तीन दवाखाने आहेत ते. अठ्ठेचाळीस खुर्च्या करून दिल्या त्यांना. दोन लाख चाळीस हजारांचं बिल. मागायला गेलो तर म्हणाले, बघतो, टाकतो बँकेत. पुढच्याच पाच तारखेला फोनवर आलं, पंधरा हजार रोख जमा. मग दर महिन्याला. मी म्हटलं, काय सज्जन माणूस. हप्त्यानं देतोय, पण एक दिवस चुकत नाही.

ताई : त्याला एकदा विचारायचंस तरी.

धाकटा : विचारलं नाही, आभार मानले. म्हटलं, डॉक्टर, दर महिन्याला तुमची आठवण होते. ते म्हणाले, हिरड्या जपा.

ताई : अरे देवा.

धाकटा : त्यांच्या कुत्र्याला गादी शिवून दिली. फुकट. कडेला गोंडे लावून.

ताई : आणि खात्यात जागा झाली म्हणून तू काढत सुटलास.

धाकटा : सुटलो नाही. बँक रोज सांगायची, अजून इतके काढता येतील. मला वाटलं, धंदा सुधारलाय.

ताई : ती बँक आहे, मामा नाही. काढता येतील म्हणजे आणखी उसने मिळतील. काय काय घेतलंस?

धाकटा : शिलाईचं मशीन एक लाख साठ. फोम सत्तर हजारांचा, तो स्वस्तात मिळाला.

ताई : आणि?

धाकटा : पाटी.

ताई : कुठली पाटी?

धाकटा : बाहेरची. दिव्यांची. अडतीस हजार.

ताई : अडतीस हजार. दुपारीसुद्धा पेटलेली आहे ती.

धाकटा : बटण उंचावर आहे.

ताई : आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. मी आपली रात्रंदिवस अपूर्णांक दळतेय.

धाकटा : म्हणजे कुत्रं मी.

ताई : नाही, त्याला निदान गादी मिळाली. आई, ऐकतेयस ना? तुझा लाडका काय म्हणतोय बघ.

आई : ऐकतेय. कापूस पिंजतेय, बहिरी झालेली नाही.

धाकटा : आईला मशीन ठाऊक होतं. पण तू पैसे भरतेयस हे तिला कुठे माहीत होतं.

ताई : तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुला सांगू नको म्हणून मीच बजावलं होतं. पण मशीनचं तिला माहीत होतं?

धाकटा : मशीन, फोम, पाटी, सगळं. तुला सांगू नको म्हणून मी बजावलं होतं.

ताई : आई.

आई : काय?

ताई : म्हणजे मी भरतेय हे तुला माहीत, हा उपसतोय हे तुला माहीत, आणि चौदा महिने तू गप्प?

आई : मग काय करू? तू म्हणालीस पोटात ठेव, ठेवलं. हा म्हणाला पोटात ठेव, ठेवलं. जुना सोफा फाडला की कंगवे, नाणी, चमचे, काय काय निघतं. माझं तेच झालंय. कोणीही यावं, फटीत काहीतरी सारावं आणि जावं.

धाकटा : अगं, नुसती खूण तरी करायचीस.

आई : केली. हिला म्हटलं, रोख देऊ नकोस, मशीनच घेऊन दे त्याला. ही म्हणाली, कसलं मशीन? मी म्हटलं, काही नाही, चहा घे. तुला म्हटलं, त्या डॉक्टरकडे पैसे भरल्याची पावती माग. तू म्हणालास, सज्जन माणसाकडे पावती मागत नाहीत. मग मीही चहा घेतला.

ताई : बरं, हसून झालं असेल तर हे पत्र बघा. तीस तारखेला ओव्हरड्राफ्टची मुदत संपतेय. सकाळी मी मॅनेजरकडे बसून आले. चौदा महिन्यांत खातं खाली आलेलं नाही, म्हणून ते सगळे पैसे एकदम मागणार होते.

धाकटा : आणि नाही दिले तर?

ताई : बाबांनी गाळ्याचे कागद काय शोभेला ठेवलेत बँकेत? हा गाळा जाईल. तुझ्या पाटीसकट.

धाकटा : मग?

ताई : हातापाया पडले. एका गोष्टीला ते तयार झालेत. दर महिन्याला मर्यादाच पंधरा हजारांनी कमी करायची. या महिन्यात सहा, पुढच्या महिन्यात पाच पंच्याऐंशी, तशी उतरत उतरत चाळीस महिन्यांत शून्य. भरलेले पैसे परत काढताच यायचे नाहीत. खात्यावर दोघांची नावं आहेत, दोघांच्या सह्या लागतात. माझी झालीय.

धाकटा : म्हणजे माझ्या गळ्यात पट्टा.

ताई : गोंडे लावून.

धाकटा : आणि पंधरा हजार कुठून आणायचे? तू भरणार?

ताई : पुढच्या महिन्यापासून लेकीची कॉलेजची फी आहे. माझं संपलं.

धाकटा : मग मी कशावर सही करू? एक महिना चुकला तरी गाळा जाणारच.

ताई : तू धंदा सुधारला म्हणत होतास.

धाकटा : तो तुझ्या पैशानं सुधारला होता ना. ते आत्ता कळलं मला. चौदा महिने मी इथे छाती काढून बसलो होतो. वाटायचं, बाबांना जमलं नाही ते मला जमतंय. सकाळी कुलूप उघडताना बरं वाटायचं. आणि तो सगळा शिकवणीचा पैसा. तू सांगायला हवं होतंस, ताई.

ताई : सांगितलं असतं तर तू घेतले नसतेस. घेतले असतेस तरी मान खाली घालून बसला असतास. बाबा गेल्यावर वर्षभर बसला होतास तसा. ते मला बघवत नव्हतं.

धाकटा : आता बघ मग.

ताई : रडू नकोस, कापड खराब होईल. खडू दे इकडे. तू खरेदी केलीस दोन लाख अडुसष्ट हजारांची. बँकेनं व्याज कापलं एक्क्याऐंशी हजार. मी भरले दोन लाख दहा. तरी खड्डा वाढला बाराच हजारांनी. मग मधले एक लाख सत्तावीस हजार कुठून आले?

धाकटा : गिऱ्हाइकांकडून.

ताई : माझ्याकडून नाही ना?

धाकटा : नाही.

ताई : मग धंद्यानं स्वतःचं व्याज भरलंय, वर शेहेचाळीस हजार उरलेत. फार नाही. पण ते तुझेच आहेत.

धाकटा : परत एकदा मांडून दाखव.

ताई : नंतर वहीत लिहून देते.

आई : गणित झालं असेल तर मी बोलू?

ताई : बोल.

आई : त्या दातवाल्यानं एक दमडी दिलेली नाही. मग त्याचे दोन लाख चाळीस हजार अजून यायचेत ना?

धाकटा : अगं हो.

ताई : हो. माझ्या लक्षातच आलं नाही.

आई : बावीस वर्षं शिकवतेय म्हणे. लाव फोन.

(धाकटा फोन लावतो.)

धाकटा : नमस्कार डॉक्टर, गादीवाला बोलतोय. हो, हिरड्या ठीक आहेत. नाही, दाढेचं नाही, खुर्च्यांचं. त्या अठ्ठेचाळीस. पैसे राहिलेत. सगळेच. नाही, मी विसरलो नव्हतो. म्हणजे, विसरलोच होतो. एक मिनिट हं. ताई, ते म्हणतायत, त्यांना वाटलं मी पैसे सोडून दिले. वर कुत्र्याला गादी. एवढा भला माणूस पाहिला नाही म्हणून सगळ्या पेशंटना सांगतायत.

ताई : भलेपणा संपला म्हणावं.

धाकटा : डॉक्टर, जरा अडचण आहे हो. एकदम नाही जमणार? हप्त्यानं चालेल. केवढा हप्ता? पंधरा हजार. बरं. किती तारखेला टाकाल? हो. नाही, नाही, हसत नाहीये. पाच तारीख उत्तम आहे. पण पावती घ्या हं माझ्याकडून, दर महिन्याला.

आई : शिकला.

धाकटा : सोळा महिने दात भरतील. पुढचे चोवीस आपण.

ताई : पुढचे चोवीस तू.

धाकटा : पुढचे चोवीस मी. दे तो कागद. कुठे करायची?

ताई : माझ्या सहीखाली. पेननं कर, खडूनं नको. आणि पाटी विझव.

धाकटा : शिडी आणावी लागेल.

ताई : आण. आणि हे काय, ही उशी त्या नव्या मशीनवर शिवलीस?

धाकटा : का? काही चुकलं?

ताई : काही नाही. आई, जरा इकडे ये. एक सांगते, पण त्याला सांगू नकोस. टाका अगदी बाबांसारखा पडतोय.

आई : तो समोर उभा आहे. त्यालाच सांग.