तपासणीची साडी

अहो, आमचे हे बेंगळुरूत विक्रीकर इन्स्पेक्टर होते ना, तेव्हाची गोष्ट. इंदिरानगरातला एक दुकानदार बिल न देता साड्या विकतो, अशी तक्रार आली. हे गिऱ्हाईक बनून गेले.

दुकानदाराने विचारलं, "घरच्या अक्कांना कुठला रंग आवडतो?"

यांना ते कुठे ठाऊक! शेवटी त्यानेच फोन पुढे सरकवला.

मी घरी फोन उचलला, तर हे विचारतायत, "तुला रंग कुठला आवडतो गं?"

लग्नानंतर पहिल्यांदाच विचारत होते. मी म्हटलं, "जांभळा."

संध्याकाळी साडी घेऊन, तोंड पाडून आले. "न मागता पक्कं बिल दिलं त्याने. तक्रार खोटी निघाली."

साडी अंगावर लावून बघत मी म्हटलं, "सोनारांच्या तक्रारी येत नाहीत का हो तुमच्याकडे?"