अढीत काय आहे

अगं ऐक ना, काल आपली श्रुती रत्नागिरीच्या स्टँडवर गुहागरच्या गाडीला रांगेत उभी होती, आणि पुढे एक आंबेवाले काका नि त्यांची थोरली बहीण असं काय बोलत होती, की हिने कानातलं गाणंच बंद केलं.

“अक्का, तू त्या दिवशी नसतीस तर आज मी कोर्टाच्या पायऱ्या चढत असतो.”

“मी काय केलं? आंबे पिकत घातलेले, त्या अढीवरचं गवत तेवढं उचललं.”

“माझं मनगट धरून माझ्याच हाताने उचलायला लावलंस गो. खाली बंदी असलेल्या कार्बाइडच्या पुड्या.”

“आणि तुला ठाऊकच नव्हतं.”

“अढी व्यापाऱ्याचा माणूस लावायचा. मी बाहेर विडी ओढत बसायचो.”

“बाहेरच का रे?”

“आत गेलो असतो तर दिसलं असतं ना.”

“वा रे शहाण्या.”

“म्हणून तर त्याच दिवशी पुड्या काढल्या, व्यापाऱ्याला हात जोडले. मग अन्न खात्याची धाड पडली, तेव्हाही शेजारचा राजेंद्र तेच म्हणत होता, मी पाहिलंच नाही, साहेब. साहेब म्हणाले, हिरवे आंबे एका रात्रीत पिवळे होतात, तरी आत डोकावला नाहीत? केस त्याच्याच नावावर झाली.”

“बिचारा.”

“त्याला अक्का नाही गो.”

“पुरे आता. गाडी लागली, ही पिशवी धर.”

काकांनी पिशवी घेतली, आणि आधी तिचं तोंड उघडून आत नीट पाहिलं.

“काय बघतोस, मेल्या? फणसाचे गरे आहेत.”

“बघू दे गो. सवय लावून घेतोय.”