आठ चमचे

कुमासी शहरात सकाळच्या आंबिलीच्या रांगेत अफ्रिये लेकीला कडेवर घेऊन उभी होती. तिच्या पुढची सेरवा आंबीलवाल्या डुफिए मावशींवर तडकली होती.

“मावशी, पोराच्या आंबिलीत दोन चमचे साखर? दात किडलेत त्याचे! आजपासून आंबील बंद. तो हे बाटलीतलं दूध पिणार.”

“त्यात साखर नाही वाटतं?”

“फक्त आठ ग्रॅम. हे बघा.”

“खाली बारीक काय लिहिलंय? मोठ्यानं वाच.”

“दर शंभर मिलिलिटरला.”

“आणि बाटली केवढी?”

“चारशेची.”

“पोरगा पितो किती?”

“सगळी.”

“म्हणजे बत्तीस ग्रॅम. अगं, तेवीस वर्षं मी डावानं आंबील विकतेय. हे लबाड एका डावाची साखर सांगून अख्खं पातेलं पाजतात! माझ्या चमच्यात चार ग्रॅम मावते. घाल या वाटीत, मोज.”

“एक, दोन...”

रांगही मोजू लागली. “सहा! सात! आठ!”

“आता खा एवढी.”

“नको मावशी!”

“मग पोराला काय देऊ?”

“आंबीलच द्या. पण साखर एकच चमचा.”

“घ्या! जिंकले मी आणि दोनातला एक चमचा गेला माझाच! पुढे कोण?”

अफ्रियेनं पिशवीतली तसलीच बाटली आणखी खाली दडपली.

“आम्हालाही, मावशी. एकच चमचा.”