अर्धा किलो रबर

ताई: जिंकलो आपण, काका.

हिशेबनीस: जिंकलो.

ताई: शेजारच्या गॅरेजवाल्यांना मागे टाकून.

हिशेबनीस: डोळ्यांदेखत.

ताई: छान. आता हे विसरायचं. आज शर्यत झालीच नाही. सकाळी आपण गाडी घेऊन मैदानावर आलो, ऊन खाल्लं आणि सामान आवरायला लागलो. लक्षात आलं?

हिशेबनीस: ताई, बाहेर लोक अजून टाळ्या वाजवताहेत.

ताई: डास मारत असतील.

हिशेबनीस: मग पेट्रोल कुठे दाखवू? जळलंय तर खरं.

ताई: काका! समितीचा निरोप आलाय. पहिला नंबर रद्द. गाडी आणि चालक मिळून जेवढं किमान वजन लागतं त्यापेक्षा आपण अर्धा किलो कमी भरलो. अर्धा किलो! एका बुटाचं वजन!

हिशेबनीस: कोणत्या मापाच्या?

ताई: काय?

हिशेबनीस: बुटाच्या. नाही, विचारलं आपलं. नोंद करताना स्पष्ट असलेलं बरं.

ताई: राजे कुठे आहेत?

हिशेबनीस: आपले चालक वजनकाट्यावर आहेत.

ताई: अजून?

हिशेबनीस: उतरायला तयार नाहीत. कप मांडीवर घेऊन बसलेत. म्हणतात, कपासकट मोजा. निरीक्षक म्हणाले, कप हा गाडीचा भाग नाही. राजे म्हणाले, मग माझा भाग समजा. आता केळी खाताहेत.

ताई: केळी कशाला?

हिशेबनीस: वजनाला.

ताई: अहो, पण मोजणी एकदाच होते!

हिशेबनीस: ते सांगितलं त्यांना. म्हणाले, भूकही लागलीय. काळजी करू नका, केळी निरीक्षकांची आहेत. मी आधी खात्री करून घेतली.

ताई: मला एकच समजत नाहीये. सकाळी आपण गाडी मोजली. राजेंना मोजलं. पेट्रोल किती जळणार, टायर किती झिजणार, राजेंचा घाम किती जाणार, सगळं धरलं. शेवटी परत येताना जे रबर मिळतं ते धरून आपण वर भरायला हवं होतं. मग रबर गेलं कुठे?

हिशेबनीस: कसलं रबर?

ताई: काका, तुम्ही या टीममध्ये माझ्या जन्माआधीपासून आहात.

हिशेबनीस: हिशेबात आहे. गाडीकडे मी खर्च म्हणून बघतो.

ताई: शर्यतीत टायर तापतात, झिजतात, रबराचे तुकडे रस्त्याच्या कडेला पडतात. शर्यत संपली की सावकाश एक फेरी मारून परत यायचं असतं. त्या फेरीत प्रत्येक चालक मुद्दाम कडेने गाडी घालतो. गरम टायरला ते तुकडे चिकटतात आणि झिजलेलं वजन भरून येतं. नियमात बसतं. सगळे करतात. बाबांच्या काळापासून करतात.

हिशेबनीस: म्हणजे तो कचरा?

ताई: हो, तो कचरा.

हिशेबनीस: काळा, चिकट, जो खरवडता खरवडता नखं जातात तो?

ताई: नखं जातात हे तुम्हाला कुणी सांगितलं?

हिशेबनीस: राजेंनी.

ताई: राजेंचा आणि खरवडण्याचा काय संबंध?

हिशेबनीस: ताई, तुम्ही जरा बसता का?

ताई: कशावर? खुर्च्या तुम्ही विकल्यात.

हिशेबनीस: टायरवर बसा. तर असं बघा. खर्चाच्या मर्यादेचा नियम आला. अमुक एवढाच खर्च करायचा, वर एक पैसा गेला तर वर्षभराचे सगळे निकाल रद्द. हंगामाच्या शेवटी आपण त्या मर्यादेला असे टेकलोय की शिंक आली तर मी घरी जाऊन शिंकतो. चहा मर्यादेत येतो. खुर्च्या येतात. गाडी धुणाऱ्यांचा पगार येतो. येत नाही ते एकच, चालकाचं मानधन.

ताई: पुढचं बोलू नका.

हिशेबनीस: मग मी म्हटलं, गाडी चालकानेच धुतली तर धुलाई फुकट.

ताई: तीनशेच्या वेगाने वळण घेणाऱ्या माणसाला तुम्ही बादली दिलीत?

हिशेबनीस: दिली नाही. त्यांनी घरून आणली. आपण दिली असती तर मर्यादेत आली असती.

ताई: आणि राजे तयार झाले?

हिशेबनीस: आधी चिडले. मग धुवायला लागले. हात चांगला आहे त्यांचा. पण टायर खरवडायचा त्यांना भयंकर कंटाळा. आज शर्यतीआधी मला म्हणाले, काका, जिंकलो तरी संध्याकाळी खरवडत बसायचं का? मी म्हटलं, स्वच्छ आणलीत तर नाही बसावं लागणार.

ताई: आणि त्यांनी ऐकलं.

हिशेबनीस: आयुष्यात पहिल्यांदा. नुकत्याच पुसलेल्या फरशीवरून जावं तसे आले हो! एका तुकड्याला चाक लागू दिलं नाही. मला इतकं कौतुक वाटलं.

ताई: मी रेडिओवर ओरडत होते, राजे, कडेने घ्या, कडेने घ्या! आणि ते म्हणत होते, निश्चिंत राहा ताई, एकदम स्वच्छ येतोय. मला वाटलं, आनंदाने डोकं फिरलंय.

हिशेबनीस: गाडी खरंच आरशासारखी आहे.

ताई: त्या आरशात आता बघून घ्या सगळे. एकदाही न जिंकलेल्या टीमला पुढच्या हंगामात जागा नाही. हा नवा नियम. आजची शेवटची शर्यत. बाबांनी उभी केलेली टीम आज बंद झाली, काका. गाडी धुवायला नको म्हणून.

हिशेबनीस: मी राजीनामा लिहू का?

ताई: लिहू नका. टीमच नाही तर देणार कुणाला?

(दार न वाजवता दादा आत येतो. ताईचा थोरला भाऊ, शेजारच्या श्रीमंत टीमचा प्रमुख. शर्यतीत त्याची गाडी दुसरी आली होती. निरोपानंतर पहिली झाली आहे.)

दादा: येऊ का?

ताई: आलास की. अभिनंदन.

दादा: असं नको बोलूस. मलाही आत्ताच कळलं. खुर्ची आहे?

हिशेबनीस: टायर आहे.

ताई: तुझ्या त्या चालक पोराने रबर आणलं?

दादा: आणलं. गाडीकडे बघवत नाही.

ताई: आणि धुणार कोण?

दादा: आमच्याकडे धुलाई जाहिरातीत धरतात. कॅमेऱ्यासमोर धुतो. जाहिरात मर्यादेबाहेर असते.

हिशेबनीस: वा! नियमात बसतं?

दादा: नियम आमच्या वकिलानेच सुचवलाय.

हिशेबनीस: साहेब, आणखी एक ऐकलं होतं. तुमच्या स्वयंपाक्याबद्दल.

दादा: खरं आहे. टीममधल्या सगळ्यात जास्त पगाराच्या तीन माणसांचा पगार मर्यादेत धरत नाहीत. आमचा स्वयंपाकी त्यात पहिला. दुसरा त्याचा मदतनीस. तिसरा भांडी घासतो.

ताई: आणि तू?

दादा: मी चौथा. मर्यादेत येतो. म्हणून मला कमी देतात.

हिशेबनीस: काय डोकं आहे! काय डोकं आहे!

ताई: काका, तुम्ही कुणाच्या बाजूने आहात?

हिशेबनीस: तुमच्याच. पण चांगल्या कामाला चांगलं म्हणावं.

ताई: दादा, तो जिंकण्याचा नियम झाला त्या बैठकीत पहिला हात तुझा वर गेला होता. मी समोर बसले होते. माझ्याकडे बघत हात वर केलास.

दादा: तुझ्याकडे नाही. तुझ्या मागच्या बटणाकडे. पंखा कमी करा म्हणत होतो. माझे कागद उडत होते.

ताई: काय?

दादा: बाबांची शपथ. मी तोंड उघडणार तोवर सगळ्यांनी हात वर केले. श्रीमंत टीमने केलाय म्हणजे फायद्याचंच असणार, असं वाटलं असेल त्यांना. ठराव मंजूर. पंखा होता तसाच राहिला.

ताई: मग नंतर बोलला का नाहीस?

दादा: मालक पाठ थोपटायला आले. म्हणाले, काय दूरदृष्टी आहे तुझी! आता त्यांना पंख्याचं कसं सांगू?

ताई: म्हणजे बाबांची टीम पंख्याने बुडाली.

दादा: आणि रबराने.

ताई: आणि बादलीने.

हिशेबनीस: बादली नियमात होती.

दादा: हे बघ, तुम्ही सगळे माझ्याकडे या. राजेंना घेतो. काकांना घेतो. तुलाही चांगल्या पगारावर घेतो.

ताई: कोणत्या जागेवर?

दादा: जागा सध्या स्वयंपाकघरातच आहेत.

ताई: दादा!

दादा: पगार बघ ना आधी!

ताई: मला पगार नको. मला विजेत्यांच्या यादीत बाबांचं नाव एकदा वर बघायचं होतं. एकदाच. मग बंद करायला सांगितली असती तरी मी कुलूप लावून किल्ली समितीला दिली असती. तुला कळायचं नाही. तू तर केव्हाच गेलास.

दादा: गेलो, कारण इथे मला साधा पाना घ्यायचा तरी तुला विचारावं लागायचं.

ताई: घरात एक पाना होता.

दादा: त्याचा जबडा तुटला होता!

ताई: बाबांनी त्यानेच गाडी बांधली.

दादा: म्हणूनच तर ती चालायची नाही. तुला एक सांगू? शर्यत संपली की बाबा रेडिओवर काय म्हणायचे?

ताई: हात हलवत परत यायचं नाही.

दादा: मीही माझ्या पोराला तेच सांगतो. दर वेळी. त्याला वाटतं, माझंच वाक्य आहे. आज तो रबर घेऊन येताना बघितला आणि पुढे तुझी गाडी बघितली. कडा टाळत रस्त्याच्या मधोमध येतेय, एक तुकडा घेत नाहीये. मी तिकडून ओरडलो, अरे घे, घे!

ताई: कुणाला? आमच्या राजेंना?

दादा: हो. आमच्या लोकांना वाटलं, मला झटका आला. पाणी मारलं तोंडावर.

ताई: म्हणून शर्ट ओला आहे होय.

दादा: अपील कर. अजून वेळ आहे.

हिशेबनीस: अपिलाला फी असते. फी मर्यादेत येते. भरली की मर्यादा ओलांडली, आणि ओलांडली की अपिलात जिंकलेलंही रद्द.

दादा: फी मी भरतो.

हिशेबनीस: एका टीमने दुसरीची फी भरली तर दोन्ही बाद. तोही नियम तुमच्याच वकिलाने सुचवलाय.

दादा: हुशार आहे तो. त्याला काढायला पाहिजे.

ताई: मग काहीच करता येत नाही का?

हिशेबनीस: विनंती अर्ज करता येतो. तो फुकट आहे.

ताई: कधी मान्य झालाय?

हिशेबनीस: एकदा. समितीच्या अध्यक्षांनीच केला होता. खुर्ची उंच करून मिळावी म्हणून.

ताई: लिहा.

दादा: हे पेन घ्या.

हिशेबनीस: नको साहेब, मदत धरतील. माझं आहे. थांबा, फोन येतोय... हो. हो. विचारतो. ताई, निरीक्षक म्हणताहेत, काटा गोदामात न्यायचाय, राजे उतरत नाहीत. राजेंसकट नेऊ का?

ताई: सांगा, थोडा वेळ थांबा म्हणावं. विनंती येतेय.

हिशेबनीस: सांगितलं. ते हसले.

दादा: अर्जाखाली माझीही सही घे.

ताई: वेडा आहेस का? चुकून मान्य झाला तर तुझा पहिला नंबर जाईल.

दादा: जाऊ दे. तिकडे विजेत्याच्या फोटोत स्वयंपाकीच मधे उभा राहणार आहे.

हिशेबनीस: पण साहेब, शेजारच्या टीमच्या प्रमुखाची सही चालत नाही.

दादा: प्रमुख म्हणून नका लिहू. मुलगा म्हणून लिहा.

हिशेबनीस: ताई, लिहू का तसं?

ताई: लिहा. आणि वाचून दाखवा. मोठ्याने.

हिशेबनीस: माननीय समितीस, सविनय. विषय: राहून गेलेले रबर आणण्याबाबत. आमची गाडी आज पहिली आली, परंतु हात हलवत आली. तरी उजेड आहे तोवर तिला आणखी एक फेरी मारू द्यावी. फेरी सावकाश मारली जाईल, कडेकडेने, आणि ती कोणत्याही शर्यतीत धरू नये. तोपर्यंत काटा जागेवरून हलवू नये आणि काट्यावर बसलेल्या इसमास उठवू नये. बैठकीच्या खोलीतला पंखाही सवडीने कमी करावा. फेरीनंतर गाडी धुण्याचा खर्च मर्यादेत धरू नये, ही विशेष विनंती, कारण ती आम्ही बहीणभाऊ मिळून धुणार आहोत.